माहेरची वाट

गणपतीच्या सुट्टीत गावी आलेला एक तरुण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भेटायला घरी आला. मूळचा आमच्या मुरूड तालुक्यातला, लहानपणापासून पाहिलेला. आता पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात चांगल्या नोकरीवर आहे. चहा झाल्यावर जरा संकोचून म्हणाला, "काका, एक शिफारसपत्र हवं होतं." नेपाळमध्ये काठमांडूजवळच्या एका अनाथाश्रमात तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जाण्याचे त्याने ठरवले होते. मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे, निघताना आश्रमाला देणगी द्यायची, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप होते. आश्रमातील काही मुले दलालांच्या हातून सोडवून आणलेली आहेत, असेही माहितीपत्रकात छापलेले होते. या कामासाठी त्याने वर्षभराची रजा साठवली होती आणि स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला काढले होते. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास तिळमात्र जागा नव्हती.

तरीही मी त्या दिवशी पत्र दिले नाही. "चल, आगरदांड्याला जाऊन येऊ," एवढेच म्हणालो.

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीकडे जाणारी फेरीबोट वाहने भरून घेत होती. जवळच एका नौकेवर जाळे दुरुस्त करीत बसलेला खलाशी नेपाळचा होता. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार नौकांवर आज नेपाळहून आलेले खलाशी पुष्कळ आहेत; त्यांच्यावाचून हंगाम निभावणे अनेक नाखवांना कठीण जाते. गप्पांच्या ओघात मी त्याला विचारले, पहिल्यांदा घर सोडले तेव्हा वय काय होते? तो म्हणाला, तेरा. शेजारच्या गावचा एक माणूस आईला थोडे पैसे देऊन त्याला घेऊन गेला होता. एका मोठ्या शहरात खानावळीत भांडी घासायला ठेवले. दोन वर्षे पगार नाही, घरी निरोप नाही. आईने तो गेला असेच धरले होते. मग घरी कोणी पोहोचवले? "कोणी नाही," तो हसून म्हणाला. "मीच पळालो. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव पाठ होते, म्हणून पोहोचलो."

गावाचे नाव पाठ होते म्हणून! ज्याला ते पाठ नसेल, जो सात-आठ वर्षांचा असताना उचलला गेला असेल, त्याचे काय? परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. हा लेख म्हणजे त्या तरुणाला मी पत्र का दिले नाही, याचे उत्तर आहे. ते त्याच्यापुरते नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

या किनाऱ्याची जुनी ओळख

मुलांची विक्री हा विषय आपल्याला दूरचा वाटतो. पण ज्या राजपुरीच्या खाडीकाठी आम्ही उभे होतो, तिच्या मुखाशीच जंजिरा आहे. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तेथे सिद्दींची सत्ता होती. सिद्दी हे मूळचे हबसाणातले, आणि त्यांतील अनेकांचे पूर्वज या किनाऱ्यावर उतरले ते गुलाम म्हणूनच. निजामशाहीचा विख्यात वजीर मलिक अंबर याचेच उदाहरण घ्या. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. तो लहानपणीच विकला गेला आणि अरबस्तान व इराकमधील बाजारांतून हातोहात फिरत अखेर अहमदनगरच्या दरबारातील चंगीझखानापाशी आला. त्याची गनिमी युद्धपद्धती, त्याची महसूलव्यवस्था, त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आणि तेथली नहर, हे सारे आपण शाळेत शिकतो. पण चापूच्या आईने त्याची किती वर्षे वाट पाहिली असेल, हा प्रश्न कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. तो वजीर झाला, राज्य चालवू लागला. घरी मात्र परतला नाही.

या व्यापाराला आपल्या मातीतून स्पष्ट नकार मिळाल्याचीही नोंद आहे. १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेवर असताना छत्रपती शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी आणि वाहतूक यांना आपल्या राज्यात बंदी घातली. पूर्वीच्या अमलात ही मुभा होती, आता ती राहणार नाही, असा त्या कलमाचा आशय आहे. व्यापारी नाराज होतील, जकात बुडेल, असला हिशेब तेथे दिसत नाही. माणूस हा मालाच्या यादीत बसत नाही, इतकी साधी आणि इतकी ठाम ती भूमिका होती. महाराजांचे नाव घेणाऱ्या आपल्यासारख्यांवर त्या कलमाचे दायित्व आजही आहे, असे मी मानतो.

शरणपूरचा धडा

नाशिकला शरणपूर रस्ता सर्वांना ठाऊक असतो. शरणपूर हे नाव कोठून आले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या युद्धनौका अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडीत. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही मुंबईस उतरवली जात आणि नाशिकजवळ ख्रिस्ती मिशनने वसवलेल्या शरणपूरला पाठवली जात. तेथे त्यांना अन्नवस्त्र मिळाले, सुतारकी-लोहारकीसारखे हुन्नर मिळाले, लिहिणे-वाचणे मिळाले. हे उपकार खरेच होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण डॉ. लिव्हिंगस्टनच्या शोधमोहिमेत गेला. लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या अंत्यसंस्काराला शवपेटीचा खांदेकरी म्हणून तो उपस्थित होता.

पण त्याचे नाव पाहा. याओ जमातीत जन्मलेल्या या मुलाला जग आईबापांनी ठेवलेल्या नावाने ओळखत नाही. सुटका करणाऱ्यांनी त्याला नवे नाव दिले, नवा धर्म दिला, नवी भाषा दिली. त्याचे घर मात्र शोधले नाही. पुढे १८७४-७५ च्या सुमारास नाशिकच्या या आफ्रिकी मंडळींपैकी अनेकांना मोम्बासाजवळ फ्रेअर टाउन नावाच्या वसाहतीत नेऊन वसवण्यात आले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून ते नाव पडले. मुले आफ्रिकेत परतली, पण आपल्या गावी नव्हे; मिशनच्या आणखी एका वस्तीत. तेथील लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. स्वतःच्या खंडात ती परकीच ठरली.

यातून मला एकच सूत्र मांडायचे आहे. सुटका करणे आणि घरी पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला धाडस आणि सत्ता लागते, दुसरीला चिकाटी आणि नम्रता लागते. सोडवणारा जर त्या मुलाला आपल्या मनातील साच्यात घडवू लागला, तर त्याचा हेतू कितीही चांगला असो, मुलाचे दुसऱ्यांदा अपहरण होते. हा दोष केवळ मिशनऱ्यांचा होता असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. सेवा करणाऱ्या प्रत्येकाला हा मोह पडतो. आपल्यालाही पडतो.

कामाठीपुरा, १९९६

आता अगदी जवळच्या काळात येऊ. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुऱ्यातील कुंटणखान्यांवर छापे घातले आणि शेकडो मुलींची सुटका केली. त्यांत सुमारे दोनशे नेपाळच्या होत्या. नोकरीच्या, लग्नाच्या, शहर दाखवण्याच्या भुलावणीने खेड्यांतून आणलेल्या या मुली होत्या. छाप्यांच्या बातम्या ठळक अक्षरांत आल्या, आणि मग काही दिवसांत सारे विसरले. मुली मात्र महिनोन्महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. त्यांच्याजवळ नागरिकत्वाचा कागद नव्हता, आणि नेपाळचे तत्कालीन सरकार त्यांना परत घेण्यास राजी नव्हते. त्या रोग घेऊन येतील, अशी भीतीही उघडपणे बोलून दाखवली गेली. अखेर तेथील स्वयंसेवी संस्था पुढे झाल्या आणि त्या वर्षीच्या जुलैत १२८ मुली मायदेशी परतल्या.

त्या संस्थांपैकी एकीचे नाव प्रत्येक मराठी घराला समजेल असे आहे: माइती नेपाळ. नेपाळीत 'माइती' म्हणजे माहेर. अनुराधा कोइराला या शिक्षिकेने १९९३ साली ती स्थापन केली. २०१७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले. भारत-नेपाळ सीमा खुली आहे. १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना ये-जा करण्यास पारपत्र लागत नाही. हा आपल्या दोन देशांमधील जिव्हाळ्याचा भाग आहे, आणि दलालांची सोयही नेमकी तीच आहे. म्हणून माइतीने सीमेवरील नाक्यांवर चौक्या उभारल्या. तेथे पहारा करणाऱ्यांत स्वतः विकल्या जाऊन परतलेल्या स्त्रियाही असतात. भेदरलेली मुलगी आणि तिच्याबरोबरचा 'मामा' त्या दुरूनच ओळखतात. ही नजर पदवीने येत नाही.

मुंबईहून परतलेल्या त्याच मुलींपैकी काहींनी १९९६ मध्ये 'शक्ती समूह' ही संघटना सुरू केली. ज्यांना समाज 'बिचाऱ्या' म्हणत होता, त्यांनी आपल्यासारख्याच इतर मुलींना घरी नेण्याचे काम हाती घेतले. २०१३ साली या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विकली गेलेली मुलगी ही केवळ दयेचा विषय नसते, ती या कामातील सर्वांत जाणकार कार्यकर्ती होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

इकडे मुंबईत प्रीती आणि प्रवीण पाटकर या दांपत्याच्या 'प्रेरणा' संस्थेने १९८६ पासून कामाठीपुऱ्यातील मुलांसाठी काम उभे केले होते. या संस्थेच्या याचिकेवर २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचे निर्देश दिले. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी न मानता संरक्षणाची गरज असलेले बालक मानावे, आणि पालक म्हणून पुढे येणाऱ्याच्या ताब्यात तिला देण्यापूर्वी तो खरोखर पालक आहे का आणि सांभाळण्यास योग्य आहे का, याची चौकशी करावी, हा त्यांचा गाभा. कारण पुष्कळदा 'काका' म्हणून न्यायालयाच्या दारात उभा राहणारा माणूस विकणारा दलालच असतो.

आश्रम जेव्हा बाजार होतो

आता त्या तरुणाच्या माहितीपत्रकाकडे वळतो.

१९९६ ते २००६ या काळात नेपाळ माओवादी हिंसाचारात होरपळत होता. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत घरटी एक मूल बंदूकधारी घेऊन जातील, या भीतीने आईबाप गांगरले होते. अशा वेळी दलाल गावात येत. मुलाला काठमांडूला चांगल्या शाळेत घालतो, असे सांगून ते जमीन किंवा दागिना विकून उभे केलेले पैसे घेत आणि मुलांना घेऊन जात. शहरात ही मुले 'अनाथ' होत. खोटे कागद तयार होत, प्रसंगी आईबापांच्या मृत्यूचे दाखलेही बनवले जात. मग परदेशी पाहुणे येत, त्यांना गहिवरून येई, देणग्या मिळत. जितकी मुले अधिक आणि जितकी ती दीनवाणी, तितका पैसा अधिक.

२००४ साली कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण काठमांडूजवळ गोदावरी येथील अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला. जगप्रवासाला निघण्यापूर्वी काही पुण्यकर्म करावे, एवढाच त्याचा प्रारंभीचा हेतू होता, असे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिले आहे. ज्यांना तो अनाथ समजत होता, त्यांच्यापैकी काहींची आई एक दिवस समोर येऊन उभी राहिली. मग त्याचे डोळे उघडले. २००६ मध्ये त्याने मुलांना घरी पोहोचवण्यासाठी संस्था काढली आणि हुमलाच्या डोंगरांतून दिवसेंदिवस पायी फिरून, हातात मुलांची छायाचित्रे घेऊन, आईबाप शोधले. हा माणूस आपल्या देशाचा नाही, आपल्या धर्माचा नाही. पण त्याने त्या मुलांना नवे नाव दिले नाही. जुने नाव परत मिळवून दिले. शरणपूर आणि हुमला यांतील फरक मला येथे दिसतो.

नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात असल्याचे त्यानंतरच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दलाल पुन्हा खेड्यांत पोहोचतील हे ओळखून तेथील शासनाने पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियात या प्रकाराकडे आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथाश्रमांतील हौशी स्वयंसेवेच्या दुष्परिणामांकडे राष्ट्रांचे लक्ष वेधले.

सगळे आश्रम असे असतात असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे आयुष्य वेचणाऱ्या शेकडो प्रामाणिक कार्यकर्त्यांचा अपमान होईल. पण जेथे तीन आठवड्यांसाठी कोणीही अनोळखी माणूस पैसे भरून मुलांच्या खोलीपर्यंत जाऊ शकतो, तेथे मुलांचे रक्षण होत नाही, प्रदर्शन होते. आपल्या स्वतःच्या लेकराच्या खोलीत आपण अशा पाहुण्याला प्रवेश देऊ का? आणि दर तीन आठवड्यांनी जीव लावून निघून जाणारी माणसे त्या मुलांच्या मनाचे काय करीत असतील?

आपले दार

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडचे प्रश्न संपले काय, की नेपाळला जायचे?

संपलेले तर नाहीतच. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी वस्तीवरच्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला होता. तिच्यासारखी अनेक मुले थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात दूरच्या मालकांकडे राबायला दिली गेल्याचे त्यानंतर उघड झाले, आणि काहींना सोडवून घरी आणण्यात आले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. मुलगी गेली तेव्हा तो ४६ वर्षांचा झाला होता. आपल्या रायगडातही कातकरी वाड्या आहेत. पावसाळा सरला की वीटभट्टीसाठी, कोळशाच्या भट्ट्यांसाठी उचल घेऊन घरेच्या घरे स्थलांतर करतात आणि शाळेच्या हजेरीपटावर मुलांच्या नावापुढे रिकाम्या चौकटी राहतात. आपले हे वनवासी बांधव घाटापलीकडे किंवा परदेशी राहत नाहीत. ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आठवड्याच्या बाजाराला येतात.

आणि आणखी जवळ यायचे तर आपल्या स्वयंपाकघरात यावे लागेल. "गावाकडची आहे, आमच्याकडे पोटभर खाते, घरच्यासारखीच आहे," हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत किती सहज उच्चारले जाते! चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. मूल घरच्यासारखे असेल, तर आपल्या मुलांबरोबर शाळेत का जात नाही? गिऱ्हाईक आहे म्हणून दलाल आहे. कुंटणखान्याचे गिऱ्हाईक वाईट आणि भांडी घासून घेणारे गिऱ्हाईक सज्जन, अशी विभागणी त्या मुलाच्या आईला समजणार नाही.

म्हणून घरच्या प्रश्नाचे भान हवेच. पण त्यावरून नेपाळशी आपला संबंध नाही असे ठरत नाही. ज्या मुली सिंधुपाल्चोक, नुवाकोटच्या डोंगरांतून निघाल्या, त्यांचा बाजार आपल्या मुंबईत भरत होता. त्यांना विकत घेणारे नोटा मोजत होते त्या आपल्या देशाच्या होत्या. तेव्हा मराठी तरुण तेथे जाऊन एखादे घर शोधून देत असेल, तर तो परोपकार नाही; ते ऋण फेडणे आहे. ऋण फेडणारा मान खाली घालून जातो, छायाचित्र काढून घेत नाही.

मग करायचे काय?

घर शोधण्याचे काम कसे चालते, हे नीट समजून घेतले पाहिजे. बालन्याय कायदा २०१५ नुसार सापडलेले मूल बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. मग समुपदेशक त्याच्याशी बोलतो. मूल गावाचे नाव सांगू शकत नाही, पण देवीची जत्रा कधी भरते, घराजवळ नदी आहे की ओढा, आई भाकरीला काय म्हणते, बाजाराला जाताना बसगाडी लागे की चालत जात, हे सांगते. अशा धाग्यांवरून जिल्हा ठरतो. तेथील पोलीस, शिक्षक, सरपंच यांच्याशी संपर्क होतो. घरी जाऊन चौकशी होते. घर गरीब आहे म्हणून ते नाकारायचे नसते. पण ज्या घरानेच मूल विकले, तेथे ते तसेच परत द्यायचेही नसते. मूल पोहोचल्यावरही वर्षभर विचारपूस करावी लागते, नाहीतर तोच दलाल पुन्हा दारात उभा राहतो. मूल परदेशी असेल, तर दूतावास, राष्ट्रीयत्वाची पडताळणी, प्रवासाचा परवाना, असे टप्पे वाढतात. बांगलादेशच्या मुलांबाबत यात वर्षे जातात.

२००५ साली संयुक्त अरब अमिरातीने उंटांच्या शर्यतीत लहान मुलांना स्वार म्हणून बसवण्यास बंदी केली आणि युनिसेफच्या साहाय्याने पाकिस्तान, बांगलादेश, सुदान आणि मॉरिटानिया या देशांतील हजाराहून अधिक मुले परत पाठवली. उंटाच्या पाठीवर आता यंत्रमानव बसतो. तंत्रज्ञानाने स्वार बदलला, पण त्या चिमुकल्यांची घरे यंत्राने सापडली नाहीत. ती माणसांनाच शोधावी लागली.

या कामात उत्साही हातांपेक्षा धीराची माणसे लागतात, आणि त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याला नेपाळला जायचे आहे, त्याने आधी नेपाळी शिकावे. लिपी आपलीच आहे, सहा महिन्यांत बोलण्यापुरती भाषा येते. तेथे मुलांमध्ये मिरवण्यापेक्षा संस्थेच्या कार्यालयात बसावे. हिशेब, नोंदी, पत्रव्यवहार, संगणकावरील याद्या यांसाठी त्यांना माणसे मिळत नाहीत. देणगी द्यायची तर मुलाला आश्रमात ठेवण्यासाठी न देता, ते घरी राहून शिकावे यासाठी द्यावी; एका शेळीच्या आणि शाळेच्या शुल्काच्या खर्चात पुष्कळदा घर तग धरते. मुलांची छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध करू नयेत. आणि जी संस्था आपली पूर्वचौकशी न करता आपल्याला मुलांजवळ सोडते, तिच्या दारातूनच परत फिरावे.

ज्याला जाता येत नाही, त्यानेही खंत करू नये. ठाण्याची समतोल फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर सापडलेल्या, घरातून निघून आलेल्या मुलांना पुन्हा घरी पोहोचवण्याचे काम करते. अशा संस्थांना सुट्टीच्या दिवशी वेळ देणारे हवे असतात. १०९८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही बालसाहाय्य सेवा आज शासकीय यंत्रणेमार्फत चालते. स्थानकावर, धक्क्यावर, बसथांब्यावर एकटे मूल दिसले तर खाऊ देऊन पुढे जाऊ नका. थांबा, आणि तो क्रमांक फिरवा.

आपल्या घरोघरी नरक चतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडले जाते. नरकासुराच्या वधाची कथा मुलांना सांगताना आपण बहुधा वधापाशी थांबतो. पण कथेचे मर्म त्याच्या पुढे आहे. नरकासुराच्या बंदिवासातून सोळा सहस्र स्त्रिया बाहेर आल्या, तेव्हा आता आमचा स्वीकार कोण करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. श्रीकृष्णाने तो प्रश्न समाजावर सोडून काढता पाय घेतला नाही. त्यांना आपले नाव आणि प्रतिष्ठा दिली. असुराला मारणे एका दिवसाचे काम होते. त्यांना ताठ मानेने जगता येईल असे करणे हे आयुष्यभराचे. आपण पहिल्या भागाचे फटाके वाजवतो. दुसरा भाग अजून आपल्याकडून व्हायचा आहे.

तो तरुण पुण्यास परतण्यापूर्वी पुन्हा येऊन गेला. काठमांडूच्या त्या आश्रमाचे आरक्षण त्याने रद्द केले होते. थोडा हिरमुसलेला होता. ते स्वाभाविक होते. म्हणाला, "काका, नेपाळी शिकायला पुस्तक कुठलं घ्यावं?" मी त्याला म्हटले, पुस्तक मिळेल, पण दर महिन्याला गावी येशील तेव्हा एक संध्याकाळ आगरदांड्याच्या धक्क्यावर काढ. खलाशांशी बोल. त्यांची गावे, त्यांचे जिल्हे, त्यांच्याकडच्या जत्रा विचार आणि लिहून ठेव. कधीतरी एखादे मूल तुझ्यापुढे येईल, ज्याला गावाचे नाव आठवत नसेल, फक्त जत्रा आठवत असेल.

त्या दिवशी त्याला शिफारसपत्र लागणार नाही.